सात फुटांवरची आई

पूर्वी स्थळ बघायला गेलं की आधी पत्रिका मागायचे. मग काही शहाण्यांनी रक्तगट विचारायला सुरुवात केली. आता पोह्यांच्या बशा बाहेर येण्याआधीच मुलाची आई जरा घसा खाकरते आणि विचारते, “तुमच्या मुलीचा परीघ किती आहे हो?” मुलीची आईही तितक्याच गोड आवाजात सांगते, “दोन फूट. तुमच्या चिरंजीवांचा?” चिरंजीवांचा चार फूट निघाला, की मंडळी पोह्यांचं कौतुक करून पाय काढता घेतात. चार फुटांच्या माणसाशी संसार करायचा म्हणजे पलंग तरी केवढा घ्यायचा!

ऋजुता शिंगटेचं पोट या परिघावरच चालायचं. पुण्यात डॉक्टर खासनिसांचं परीघ केंद्र होतं आणि तिथली सगळी मोजणी तिच्याकडे होती. लग्नाळू मुलंमुली यायची, कचेरीत टेबलं किती लांब मांडायची हे ठरवणारी माणसं यायची, खुर्च्यांमधलं अंतर विचारायला नाट्यगृहवालेही यायचे. माणूस दारातून आत आला, की त्याची चाल बघून ऋजुता मनातल्या मनात आकडा बांधायची आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. मग दिवसभर ती स्वतःवर खूश असायची.

परीघ म्हणजे काय हे लोकांना सांगताना दर वेळी तिचीच तिला गंमत वाटे. आपण कातडीपाशी संपतो असं आपण धरून चालतो. मेंदूला ते मान्य नाही. मेंदूत काही पेशी अशा आहेत, की त्यांना अंगाभोवतालच्या हवेवर पहारा ठेवण्यापलीकडे दुसरं काम नाही. कुणाचा हात अंगाला लागण्याआधी, नुसता जवळ येऊ लागला तरी त्या जाग्या होतात आणि अंगाला सावध करतात. डास गालावर बसायच्या आत आपला हात उठतो तो त्यांच्यामुळे. या पहाऱ्याची हद्द म्हणजे परीघ. ती सगळ्यांसाठी सारखी नसते. अनोळखी माणूस हातभर लांब असतानाच पेशी कान टवकारतात, ओळखीचा असला तर वीतभरावर, आणि आपल्या माणसाला त्या अडवतच नाहीत.

मोजायची रीतही सोपी होती. डोक्याला एक पट्टा बांधायचा, मनगटापासून खांद्यापर्यंत बटणाएवढ्या चकत्या चिकटवायच्या आणि उभं राहायचं. समोर फुटांच्या खुणा केलेली लांब चटई. दुसऱ्या माणसाने तिच्यावरून सावकाश चालत यायचं. पेशी खडबडून जाग्या झाल्या की भिंतीवरचा हिरवा दिवा लाल होतो. त्या क्षणी पाऊल जिथे असेल तो आकडा.

हे सगळं कुणाच्या ध्यानात आलं नसतं, टाळेबंदी झाली नसती तर. २०२० साली साऱ्या जगाला एकदमच शिकवलं गेलं, की जवळ येणारं माणूस म्हणजे धोका. मोठ्या माणसांचे परीघ फुगले आणि लग्नाच्या पंगती पुन्हा बसू लागल्या तसे आकसलेही. पण जी मुलं तेव्हा अगदी लहान होती, त्यांच्या मेंदूत हा नकाशा नुकताच आखला जात होता. ओल्या सिमेंटवर पाऊल पडावं तसं झालं. ती मुलं मोठी झाली, कामाला लागली, आणि मग कुणाला सभेत गुदमरायला लागलं, कुणाला सख्ख्या भावाशेजारी बसून घास गिळवेना. त्यांची कारणं शोधता शोधता हे यंत्र आलं.

ऋजुता तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा परीघ मात्र पाठ्यपुस्तकात छापावा असा होता. अनोळखी माणसाला पावणेदोन फूट, नवऱ्याला शून्य. नवरा निनाद म्हणायचा, “शून्य कुठला? उणे असेल. माझं पांघरूण रोज तुझ्याच अंगावर असतं.” आपण टाळेबंदीतून सहीसलामत सुटलो, याचा तिला थोडा गर्वही होता.

तिच्या डोहाळजेवणाला मिरजेहून आई-बाबा आले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, केंद्र बंद होतं. बाबांनी सकाळपासून लकडा लावला, “पोरगी कसल्या यंत्रावर काम करते ते एकदा बघू दे तरी.” बाबा म्हणजे विलासराव. तंबोऱ्याच्या भोपळ्यांवर नक्षी काढण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि कुठलंही यंत्र दिसलं की त्याला हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. आई, शैलाताई, मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. ती यंत्राकडे नुसतं बघायची आणि ते किती स्वच्छ आहे एवढंच तपासायची.

ऋजुताने पट्टा स्वतःच्या डोक्याला बांधला. बाबा चटईवर उभे राहिले.

“हळू चालायचं म्हणजे किती हळू? वरातीसारखं काय?”

“वरातीसारखं चाला, पण नाचू नका.”

बाबा खरोखरच वरातीसारखे चालत आले. दिवा हिरवा तो हिरवाच राहिला. शेवटी त्यांनी तिचं नाक चिमटीत धरलं तरी हिरवा. “बघ! बाप हाय म्हटलं!” ते ओरडले आणि मागे वळले. “शैले, आता तू ये.”

“मला कशाला,” आई म्हणाली. “उशीर होतोय.”

“अगं, ये की! दोन मिनटांचं काम.”

आईने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि चटईच्या टोकावर पाय ठेवला. तिने दोन-तीन पावलं टाकली असतील नसतील, दिवा लाल झाला. पाऊल सातव्या फुटावर होतं.

एखादी चकती सैल असणार. ऋजुताने सगळ्या चकत्या बदलल्या. पुन्हा सात फूट. पट्टा बदलला. या वेळी सातला थोडं वरच.

“तापलं असंल यंत्र,” बाबा म्हणाले. “आमचा मिक्सर असंच करतोय.”

कुणी हसलं नाही. घरच्या माणसासाठी एवढा आकडा ऋजुताने कधी पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दोन भावांचासुद्धा पाच फूट भरला होता. काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तोवर आईने चपला पायात सरकवल्या होत्या.

“यंत्र बरोबर आहे,” आई म्हणाली. “मला ठाऊक होतं. आकडा तेवढा माहीत नव्हता.”

संध्याकाळी निघताना रिक्षा दारात उभी असताना आईने बाकीचंही बोलून टाकलं. ऋजुताने आठव्या महिन्यात मिरजेला यायचं असं ठरलं होतं. आईने मऊ सुती लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणि खारीक डब्यात भरून ठेवली होती, माळ्यावरची शेगडी काढून दुरुस्त करून आणली होती.

“बाळंतपण इथंच होऊ दे,” आई म्हणाली. “तुझ्या सासूबाई मायाळू आहेत. त्या दिवसांत बाईच्या अंगाला किती हात लागतात तुला कल्पना नाही. तेल लावायचं, शेकायचं, पाजायला नीट बसवायचं. माझा हात लागला की तुझं अंग आखडणार. दूध उतरायला बाई निवांत लागते. हे मी नर्स म्हणून सांगते.”

“आई, असं काही नाहीये गं.”

“आहे,” आई म्हणाली आणि रिक्षात बसली. ऋजुता रिक्षा वळेपर्यंत फाटकात उभी राहिली. माहेरच्या दाराला कुणी आतून कडी घालावी तसं तिला वाटलं आणि ती घरात येऊन खूप रडली.

आपल्याला हे कधी कळलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं. पण कळणार कसं? आपल्याकडे उठसूट मिठ्या मारायची पद्धत नाही. आई ताट वाढून टेबलावरून पुढे सरकवायची, ते सगळ्याच आया करतात असं तिला वाटायचं. तेल लावायला आई बसली की तिला शाळेचा अभ्यास आठवायचा. पाया पडताना ती पावलांच्या पुढच्या जमिनीला हात लावायची. तिने कपाटातले जुने फोटो काढले. जवळपास प्रत्येक फोटोत दोघींच्या मध्ये बाबा. सासरी निघताना ती मावशीच्या गळ्यात पडून रडली होती आणि आई गाडीपाशी तिची बॅग धरून उभी होती. त्या फोटोत आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, तिच्याकडे बघत होती.

सोमवारी तिने डॉक्टर खासनिसांना सगळं सांगितलं. डॉक्टर सज्जन माणूस, पण त्यांना प्रत्येक दुःखावर उपाय सुचायचा आणि तो लगेच सांगावासाही वाटायचा.

“अगं, मग अडचण काय? आपला उपचार आहे ना! सहा बैठका. पडद्यावर आईची आकृती लांबून जवळ आणत राहायची, कानात ठरावीक ठेक्याचा आवाज. शेवटी पेशी कंटाळतात आणि गप्प होतात. औषध नाही, गोळी नाही, तुझ्या दिवसांतही चालेल. पुढच्या गुरुवारी पहिली बैठक ठेवू.”

“ठेवा,” ती म्हणाली. मग तिला त्या अबोल्याच्या भावांची आठवण झाली. त्यांनी हाच उपचार घेतला होता. नंतरच्या मोजणीला दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते. कसं वाटतंय, असं तिने विचारल्यावर थोरला म्हणाला होता, “झकास. आता काहीच होत नाही.” तेव्हा तिला आनंद झाला होता. आज ते वाक्य कुसळासारखं टोचलं.

“सर, काहीच होत नाही म्हणजे काय हो?”

“म्हणजे भीती गेली.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं काय?” डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. “बाकीचं आपण मोजत नाही.”

खरं तर मोजत होते. हातावरच्या चकत्या असतातच. पण त्या फक्त माणूस हलला का ते बघायला, हलला तर ती खेप बाद करायची. त्यांची बारीक थरथर यंत्र स्वतःच पुसून टाकायचं आणि तेवढा डोक्याचा आकडा दाखवायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऋजुताने त्या भावांच्या मोजण्यांमधली हाताची रेघ न पुसता उघडली. उपचाराआधी धाकट्याच्या हाताच्या रेघेवर दिवा लाल होण्याच्या किंचित आधी एक छोटा उंचवटा होता. उपचारानंतर रेघ सपाट होती. मग तिने स्वतःची रविवारची रेघ उघडली. तिच्याही हाताच्या रेघेवर तसाच उंचवटा होता. एखादी उचकी लागली तरी असं होतं, पण तिन्ही खेपांना उचकी कशी लागेल? तिचं डोहाळ्यांनी जडावलेलं डोकं एकदम लख्ख झालं.

“सर, प्रवासात न्यायचं छोटं यंत्र दोन दिवस नेऊ का?”

“ने. पण स्वतः उचलू नकोस, नवऱ्याला उचलू दे.”

निनादने उचललं, आणि शनिवारी सकाळी दोघं मिरजेच्या घरात हजर झाली. पुढच्या खोलीत नेहमीसारखे भोपळे मांडलेले होते. यंत्र बघून आईचा चेहरा उतरला.

“पुन्हा कशाला? तो लाल दिवा मला परत बघायचा नाही.”

“मलाही दिवा नाही बघायचा, आई. मला माझा हात बघायचाय. तू फक्त चाल.”

बाबांनी भोपळे भिंतीकडेला सरकवून चटईला जागा केली. आई चालली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. दिवा दर वेळी सात फुटांवर लाल होत होता आणि दर वेळी आईचे ओठ घट्ट मिटत होते. ऋजुता मात्र पडद्यावरच्या दोन रेघांकडे डोळे लावून बसली होती. वरची डोक्याची, खालची हाताची.

“निनाद, हे बघ,” ती म्हणाली. “भीती वाटली की माणूस काय करतो? खांदा मागे घेतो, मूठ वळतो. ते करणारे स्नायू वेगळे. त्यांच्यावर मी या दोन चकत्या लावल्यात. त्या गप्प आहेत. एकदाही हलल्या नाहीत. हलतायत त्या या, हात पुढे करणाऱ्या आणि बोटं उघडणाऱ्या. आई नऊ फुटांवर असतानाच माझा हात तिच्याकडे निघतो. मग डोकं ओरडतं. मग हात थांबतो.”

“म्हणजे तू घाबरत नाहीस?” निनादने विचारलं.

“घाबरते. पण कशाला, तेच कळत नाही.”

बाबांना गप्प बसलेली माणसं सहन होत नसत. त्यांनी जवळचा एक भोपळा मांडीवर घेतला आणि जावयाकडे वळले. “जावईबापू, हिनं भोपळे फोडले ती गोष्ट सांगितली का तुम्हाला?”

ती गोष्ट निनादला पाठ होती. त्या घरातल्या सगळ्यांनाच पाठ होती. ती बारशाला सांगितली जायची, मुंजीला सांगितली जायची, ऋजुताच्या लग्नात तर बाबांनी ती माइकवरून सांगितली होती. पण बाबा सांगायला लागले की कुणी अडवत नसे.

“टाळेबंदी चाललेली. ही शैला, आमची सिस्टर, कोरोना वॉर्डात. कारखाना बंद, म्हणून मिस्त्रींनी नक्षीचे भोपळे घरी धाडलेले. संध्याकाळी ही दारात आली की पोरगी सुसाट सुटायची. आईला तर शिवायचं नाही! मग मी युक्ती काढली. खोलीत मधोमध भोपळ्यांची रांग लावली. म्हटलं, ऋजू, भोपळ्याच्या अलीकडं थांबायचं. धक्का लागला की फुटतोय बघ, आणि फुटला की त्याचं गाणं गेलं. पोरगी अशी पळत यायची आणि भोपळ्यापाशी कचकन थांबायची, हात दोन्ही पुढं. आम्ही टाळ्या वाजवायचो! आई तिकडून, ही इकडून. रोजचा खेळ. आणि एक दिवस थांबलीच नाही! दोन भोपळ्यांचा चुराडा, आणि ही जाऊन आईच्या गुडघ्याला मिठी मारून उभी. मी असा ओरडलो असा ओरडलो, गल्ली गोळा झाली. आणि सकाळी हिच्या आईला ताप. रुग्णवाहिका आली, तिला घेऊन गेली. तर ही चिमुरडी मला विचारते, ‘बाबा, आई पण फुटली का?’”

या वाक्यावर सगळे हसायचे. ऋजुता स्वतः हसायची. बाबा आताही हसले, आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबले.

“मग तुम्ही काय म्हणालात?” ऋजुताने विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“काय म्हणणार? गडबड होती गं. हसलो असेन.”

“आणि आई परत कधी आली?”

“तीन आठवड्यांनी,” आई म्हणाली. ती चटईवरच उभी होती. “काठी टेकत. तू दारामागं उभी होतीस. पळत आली नाहीस. मला वाटलं, विसरली मला.”

ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिचा आवाज उत्साहाने थरथरत होता. “अहो, यंत्र फक्त धोका आहे एवढंच सांगतं. धोका कुणाला ते सांगत नाही! आम्ही सगळे धरून चाललो, की पहारा स्वतःसाठीच असतो. आई, माझ्या पेशी मला तुझ्यापासून वाचवत नाहीत. तुला माझ्यापासून वाचवतायत. मी धक्का दिला तर तू फुटशील म्हणून.”

आईने पदराने चेहरा पुसला आणि नर्सच्या आवाजात विचारलं, “बरं. मग त्यानं काय फरक पडला? हात निघतो म्हणतेस, पण पोचत नाही ना? तुझी ती गुरुवारची बैठक घेऊन टाक.”

“ती घेतली तर ओरडणं बंद होईल, आणि हात निघणंही बंद होईल. मी पाहिलंय. तू शेजारी येऊन बसशील आणि मला काहीच होणार नाही.”

“चालेल मला.”

“मला नाही चालणार!”

“ऋजू,” आईचा आवाज पहिल्यांदाच फुटला, “रेघांचं कौतुक तुला. मला तुझ्या डोक्यावर तेल घालायचंय. म्हातारी झाले मी. अजून किती वर्षं ताटं सरकवू?”

आई चुकत होती असं ऋजुताला म्हणता येईना. शेवटी तडजोड झाली. गुरुवारची बैठक पुढे ढकलायची, बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला की सोक्षमोक्ष लावायचा. बाळंतपण मिरजेलाच. बाळाचं सगळं आई बघेल, ऋजुताच्या तेला-शेकाला मंगलबाई नावाची बाई येईल, आणि आई लांबून सांगेल तसं ती करेल.

“लांबून सांगायची चिंता नको,” बाबा म्हणाले. “हिचा आवाज सांगलीपर्यंत जातोय.”

मुलगी झाली. काळंभोर जावळ, रडताना मुठी आवळणारी. आईने सगळं बाळंतपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसून केलं. “मंगल, कमरेला जोर लाव. असं नव्हे, अंगठ्यानं. ऋजू, पाठीला उशी घे. लाडू अर्धा का ठेवलास?” बाळाला पाळण्यात ठेवून ती बाजूला व्हायची, मग ऋजुता उचलून घ्यायची. देण्याघेण्यात हाताला हात लागलाच तर तापल्या तव्याला लागल्यासारखा ऋजुताचा हात मागे यायचा, आणि आई नजर दुसरीकडे वळवायची. एकदा न राहवून ऋजुताने मोजून पाहिलं. आकडा जेमतेम बोटभर कमी झाला होता.

खरं कारण कळलं की गाठ सुटेल, असा तिचा होरा होता. तो साफ चुकला. कळणं वेगळं आणि पेशींना पटणं वेगळं. आई बाळाला छातीशी धरून गुणगुणत असायची आणि ऋजुता पलंगावरून बघत असायची, आणि तिला स्वतःच्या मुलीचा हेवा वाटायचा. सव्वा महिना भरत आला तेव्हा तिने डॉक्टर खासनिसांना फोन केला. “सर, आल्याबरोबर बैठका सुरू करू. आईला आणखी ताटकळत ठेवायचं नाहीये मला.” फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलबाई आल्या नाहीत, त्यांच्या घरी पाहुणे होते. बाळाची अंघोळ मात्र थांबायची नव्हती. आई न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसली, नडग्यांवर बाळाला उताणं घेतलं आणि तेल जिरवू लागली. पाणी घालायला कुणीतरी हवंच होतं. बाबांच्या हाताला कंप होता, गरम पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे द्यायची आईची तयारी नव्हती.

“येतेस का?” आईने बाहेर न बघताच विचारलं. “जमेल तेवढं.”

न्हाणीघर एवढंसं होतं. ऋजुता आत शिरली तशी छातीत धडधड सुरू झाली आणि खांदे ताठ झाले. तिने दात आवळून तांब्या भरला. बाळाला पाणी आवडलं. ते तोंडाचा चंबू करून अशा गंभीरपणे छताकडे बघायला लागलं, की दोघीही एकदम हसल्या. डाळीचं पीठ लावून झालं, धुऊन झालं, आईने टाळू भरली आणि बाळाला पंच्यात गुंडाळून दाराशी उभ्या असलेल्या बाबांच्या हातात दिलं. बाबा त्याला घेऊन उन्हात गेले.

आत दोघीच उरल्या. आई उठायला गेली आणि पुन्हा मटकन बसली.

“पायाला मुंग्या आल्यात,” ती म्हणाली. “हात दे गं.”

बोलताना तिच्या लक्षात आलं नसावं. बोलून झाल्यावर आलं. तिने वर पाहिलं. “राहू दे, बाबांना हाक मार.”

पण ऋजुताचा हात निघाला होता. नेहमीसारखी बोटं उघडली आणि नेहमीसारखं डोकं ओरडलं. या वेळी ओरडायला त्याला उशीर झाला. आईने सवयीने तो हात पकडला होता आणि तिचा अर्धा भार त्याच्यावर आला होता. तेवढ्यात पिठाच्या निसरड्या फरशीवर आईची टाच घसरली.

ऋजुताच्या सगळ्या अंगात तीच जुनी भीती उसळली. आई पडेल, तिला लागेल, तिचं काहीतरी मोडेल. इतकी वर्षं ती भीती तिला एकच गोष्ट सांगत आली होती, लांब राहा. आज लांब झालं तर आई पडणार होती. तिची बोटं आईच्या मनगटाभोवती अशी आवळली, की बांगड्या वर सरकल्या. तिने पाय रोवले आणि ओढून आईला उभं केलं. आई तिच्या खांद्यावर येऊन टेकली. तिला तेलाचा, डाळीच्या पिठाचा आणि आईच्या केसांचा वास आला. छाती अजून तशीच धडधडत होती. थांबायचं नाव घेत नव्हती.

आई श्वास रोखून उभी होती. थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणाली, “सोड आता. उभी राहिले मी.”

“फरशी ओली आहे,” ऋजुता म्हणाली, आणि तिने दुसऱ्या हातानेही आईला धरलं.